गावाची बातमी कोण देणार?

(तालुका कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘डिजिटल युगातील स्थानिक पत्रकारिता’ हा विषय संयोजकांनी मला नेमून दिला, तेव्हा मी मोबाइल, समाजमाध्यमे, कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. यंत्राविषयी मी थोडेच बोलणार आहे. छापखानाही एकेकाळी नवे यंत्रच होते. माझ्यापुढचा प्रश्न निराळा आहे. नगरपालिकेच्या सभेत कोपऱ्यात वही घेऊन बसणारा माणूस उद्या तेथे असणार की नाही, आणि असला तर त्याचा संसार कोणाच्या पैशावर चालणार, हा तो प्रश्न. कागद जातो की राहतो याची चिंता कागदाच्या व्यापाऱ्यांनी करावी.

दर वर्षी ६ जानेवारीला आपण १८३२ चे ‘दर्पण’ आणि बाळशास्त्री जांभेकर यांचे स्मरण करतो, ते योग्यच आहे. पण आपल्याला जवळची अशी दुसरीही एक परंपरा आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ काढले. त्यांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून ‘दीनमित्र’ चालविले, आणि तेही पुण्या-मुंबईहून नव्हे, तर तेव्हाच्या नगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. अर्ध्या शतकाहून अधिक काळ एका खेड्यातून साप्ताहिक निघत राहावे, ही गोष्ट आजच्या ‘कनेक्टिव्हिटी’च्या काळातही विचार करायला लावणारी आहे. ही पत्रे मोठ्या पत्रांच्या लहान प्रती नव्हत्या. सावकार, कुलकर्णी, भटभिक्षुक हे त्यांच्या वाचकांचे रोजचे प्रश्न होते. मोठ्या पत्रांना ते प्रश्नच वाटत नव्हते. आणि ती कधीही फायद्यात चालली नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. १९२० मध्ये ‘मूकनायक’ उभे राहिले ते शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या आधाराने. तेव्हा स्थानिक पत्रकारिता पूर्वी बाजाराच्या बळावर सुखाने नांदत होती आणि इंटरनेटने येऊन ती बुडविली, असा गळा काढण्यात अर्थ नाही.

बाजाराने तिला जे दिले ते कोणत्या अटींवर दिले, हे तालुक्याच्या वार्ताहराकडे पाहिले म्हणजे कळते. शहरी संपादकाला वेतनश्रेणी होती, १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याचे संरक्षण होते. तो कायदाही आता नव्या श्रमसंहितांत मिसळून गेला. तालुक्याचा वार्ताहर मात्र बहुधा कागदोपत्री नोकर नव्हताच. त्याला मानधन मिळे ते नाममात्र. खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनावर. म्हणजे ज्या पुढाऱ्याच्या रस्त्याच्या ठेक्याची चौकशी त्याने करावी, त्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी त्यानेच गोळा करावयाची! या व्यवस्थेतून निर्भीडपणाची अपेक्षा करणे हा क्रूर विनोद होता. तरीही काहींनी तो निर्भीडपणा दाखविला, याचे श्रेय त्यांचे, व्यवस्थेचे नव्हे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत बातम्यांचे दरपत्रक निघाले आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी गेला. प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली, तिने नावानिशी अहवाल दिला, आणि तो अहवाल लोकांसमोर यायला माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. रोग मोबाइलच्या आधीचा आहे तो असा.

मोबाइलने केले ते एवढेच, की या दुबळ्या देहाखालची उरलीसुरली खाटही काढून घेतली. तालुक्यातला कापड दुकानदार, शिकवणीचा वर्ग, दवाखाना यांच्या जाहिराती आता दोन-चार परदेशी कंपन्यांच्या पडद्यावर जातात. त्या कंपन्या गावातून पैसा नेतात, पण गावात एकही बातमीदार ठेवीत नाहीत. जिल्हा पुरवणीची पाने घटली. २०२० च्या टाळेबंदीत तर कित्येक वार्ताहरांना ‘उद्यापासून बातमी पाठवू नका’ एवढ्या एका वाक्यावर घरी बसविले गेले. त्यांच्यातले काही आज हाती बूम घेऊन स्वतःचे यूट्यूब चॅनेल चालवितात. त्यांत जिवावर उदार होऊन काम करणारे आहेत, आणि अधिकाऱ्याला गाठून ‘बातमी लावू की थांबवू’ असे विचारणारेही आहेत. दोघांच्याही हाती बूम सारखाच असतो. त्यांना निवडण्याचे काम आपण पडद्यावरच्या गणितावर सोपविले आहे. आणि त्या गणिताला गावच्या पाणीपुरवठा योजनेपेक्षा दूरच्या शहरातली मारामारी अधिक प्रिय असते.

आता याने बिघडते काय, असे कोणी विचारील. एक उदाहरण दूरचे देतो, कारण तेथे हा प्रयोग आपल्या आधी पार पडला आहे. अमेरिकेत २००५ पासून तीन हजारांहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली, आणि त्यांतली बहुतेक लहान गावांची साप्ताहिके होती. लॉस एंजेलिसला खेटून बेल नावाचे शहर आहे; लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कष्टकऱ्यांचे, वस्ती पस्तीस हजारांच्या आसपास. तेथे स्वतःचे असे वृत्तपत्र उरले नव्हते आणि नगर परिषदेच्या सभांना बातमीदार जात नव्हता. २०१० मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे दोन बातमीदार शेजारच्या गावाचे प्रकरण तपासताना तेथे पोहोचले, तेव्हा उघड झाले की शहराचा मुख्य प्रशासक वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर पगार घेत होता, राष्ट्राध्यक्षाच्या पगाराच्या सुमारे दुप्पट. पुढे तो तुरुंगात गेला, वृत्तपत्राला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण ती लूट वर्षानुवर्षे चालू होती, आणि सभागृहाचे दार काही कोणी बंद केलेले नव्हते. आत बसायला माणूस नव्हता, एवढेच.

आपल्याकडे तर काही काळ सभागृहच रिकामे होते. मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांच्या आणि पंचायत समित्यांच्या मुदती संपल्या. आरक्षणाच्या वादात निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि तेथे प्रशासकांचे राज्य आले. ज्या काळात एकाच अधिकाऱ्याने ठराव मांडावा आणि त्यानेच तो मंजूर करावा, त्या काळात बातमीदाराची गरज दुप्पट असते. नेमक्या त्याच काळात तो दुर्मीळ झाला.

परंतु माहितीची पोकळी रिकामी राहत नाही, आणि ही गोष्ट मला पगाराच्या लुटीपेक्षा अधिक भयंकर वाटते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी भिक्षेवर जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असा मजकूर आणि चित्रफिती त्याआधी मोबाइलवरून फिरत होत्या. ती माणसे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची होती. त्यांना मारले गेले ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! ज्या खोलीच्या भिंतीवर गावाची माहिती लावावयाची, त्या खोलीत. पुढे कंपनीने एकावेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे धाडण्यास मज्जाव केला आणि आपले कर्तव्य संपले असे मानले. त्या परिसरात एकही मूल खरोखर पळविले गेले होते काय, हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारणारा आणि दुसऱ्या दिवशी लोकांच्या बोलीत सांगणारा, ज्याच्या शब्दावर पाड्याचा विश्वास आहे असा माणूस तेथे असता तर काय झाले असते? खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. पण अफवेला अडविण्याचा दुसरा उपाय मला तरी ठाऊक नाही. भटक्या माणसाजवळ रहिवासाचा दाखला नसतो आणि गावाजवळ त्याच्याविषयी बातमी नसते. त्याच्या वाट्याला येते ती फक्त शंका.

असा माणूस असणे ही सुरक्षित गोष्ट नाही, हेही सांगितले पाहिजे. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापूरजवळ पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. रिफायनरीच्या वादासंबंधीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. खुनाचा गुन्हा नोंदविला गेला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा आपल्या विधिमंडळाने २०१७ मध्येच संमत केला होता. कायदा मुंबईत संमत होतो; कोकणातल्या रस्त्यावर माणूस एकटा असतो.

मग करावयाचे काय? निराश होण्याचे कारण नाही, कारण या देशात याची उत्तरे गरिबांनीच शोधलेली आहेत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना येथे पहिली जनसुनवाई घेतली. मस्टर रोल लोकांसमोर मोठ्याने वाचले गेले, आणि ज्यांनी कधी फावडे उचलले नव्हते त्यांच्या नावावर मजुरी निघाल्याचे गावानेच ओळखले. बातमीदारीची याहून साधी व्याख्या मला सुचत नाही. त्यातून २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. बुंदेलखंडात चित्रकूट येथे २००२ पासून ग्रामीण स्त्रियांनी, त्यांत बहुसंख्य दलित, ‘खबर लहरिया’ काढले; आधी बुंदेलीत छापून, पुढे मोबाइलवरच्या चित्रफितींतून. यंत्र बदलले, काम तेच राहिले.

साधने आज अधिक आहेत. ग्रामपंचायतीचा जमाखर्च ‘ई-ग्रामस्वराज’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो. पण पाहता येणे आणि कळणे यांत अंतर आहे. आकडा पडद्यावर असतो आणि गटार रस्त्यावर असते. दोन्ही एकत्र पाहणारा कोणी लागतो. दुसरीकडे दारे बंदही होत आहेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) मध्ये केलेला बदल नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आला आहे. व्यापक जनहितासाठी वैयक्तिक माहिती देता येईल, ही त्या कलमातली तरतूद त्याने काढून टाकली. कलम ८(२) ची वाट शिल्लक आहे. पण तलाठ्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला उपकलमांचा युक्तिवाद कोण शिकविणार? लाभार्थ्यांची यादी म्हणजे नावांचीच यादी. नावे झाकली तर मस्टर वाचायचा कसा? आणि सामुदायिक रेडिओचे पाहा. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. तरीही गावाच्या रेडिओला स्वतःची बातमी देण्यास बंदी आहे, आकाशवाणीची तेवढी ऐकवावी. पिकांवरील कीड सांगा, कीडनाशकातला भ्रष्टाचार सांगू नका, असा याचा अर्थ होतो.

पक्षाने या बंदीविरुद्ध आणि त्या दुरुस्तीविरुद्ध मागणी लावून धरली पाहिजे, आणि सरकारी जाहिरातींचा पैसा मंत्र्यांच्या मर्जीऐवजी जाहीर निकषांवर लहान पत्रांना मिळाला पाहिजे, हेही. पण पक्षाने स्वतःचे वृत्तपत्र गावोगाव काढावे अशी सूचना सकाळी येथे आली, तिच्याशी मी सहमत नाही. पक्षाचे पत्र ही वेगळी गोष्ट आहे आणि ती आवश्यक आहे. ते विचार देते. गावाला हवी आहे ती बातमी, आणि ती आपल्या विरुद्धही असू शकेल अशीच हवी. आपल्या तालुक्यात जो एखादा प्रामाणिक साप्ताहिकवाला वा चॅनेलवाला उरला असेल, त्याची वर्गणी भरा, त्याला कागद मिळवून द्या, कोर्टाची नोटीस आली तर वकील द्या. आणि आपल्या मोर्च्याची बातमी त्याने लावली नाही म्हणून त्याची वर्गणी तोडू नका.

दरम्यान एक काम परवानगीवाचून करता येण्यासारखे आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपूर्वी आपल्या ग्रामपंचायतीचा गेल्या वर्षाचा खर्च संकेतस्थळावरून कागदावर उतरवून घ्या. कोणते काम, कोणत्या वस्तीत, किती रक्कम, कोणाला दिली, एवढेच. प्रत्यक्ष काम पाहून या. मग ते देवळापुढे, बौद्धवाड्यात, पाड्यावर, बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. जेथे आपला सरपंच असेल तेथे त्याच्या सहीची रक्कम सर्वांत आधी वाचा.