देवघराला कुलूप नव्हतं

श्रोतेहो, पाचच मिनिटं मिळाली आहेत, तेव्हा प्रस्तावना नको. पाओलो सोरेंतिनोची ‘द यंग पोप’ ही २०१६ सालची दहा भागांची मालिका. पाहिलेल्यांना विचारावं, काय लक्षात राहिलं? न्याहारीला चेरी कोक मागणारा पोप, बागेतलं कांगारू, ज्यूड लॉची सिगारेट! अहो, जेवायला गेलात आणि रांगोळी पाहून परत आलात की.

पोपच्या चिन्हावर दोन किल्ल्या असतात, एक सोन्याची, एक चांदीची. त्या पाहिल्या की मला आमच्या आजीचा जुडगा आठवतो. आजी गेली आणि जुडगा थोरल्या काकूच्या कमरेला आला. कोठी तिची, फडताळ तिचं, तुपाचा डबासुद्धा तिचाच. पण देवघराला कुलूप नव्हतंच. तिथली किल्ली काकूला कोण देणार?

सत्तेचाळीस वर्षांचा अमेरिकन लेनी बेलार्डो, म्हणजे ज्यूड लॉ, तेरावा पायस म्हणून पोप होतो, तेव्हा नेमकं हेच होतं. पोरगा मुठीत राहील असं वोयेल्लोसारख्या मुरब्बी कार्डिनलला वाटलेलं. लेनी पहिल्याच दिवसापासून एकेक कुलूप उघडत सुटतो. डॉन तोमासो या पाद्र्याकडून इतरांच्या कन्फेशनमधली गुपितंसुद्धा काढून घेतो. म्हणजे काकूनं दुसऱ्यांच्या ट्रंकाही उघडल्या म्हणा ना! आणि त्याच तोमासोला सांगतो, माझा देवावर विश्वास नाही. लगेच म्हणतो, थट्टा केली. ती थट्टा होती का? मालिका तिथंच तर सुरू होते.

पुन्हा सांगतो, कारण इथंच लोकांचं लक्ष उडतं. किल्ल्या हातात आल्या म्हणून श्रद्धा हातात येत नाही. २०२५च्या मे महिन्यात चौदावे लिओ खरोखरच पहिले अमेरिकन पोप झाले, तेव्हा कित्येकजण म्हणाले, बघा, मालिकेत आधीच दाखवलं होतं! पासपोर्ट कुठला, हा या गोष्टीचा गाभाच नाही हो.

गाभा आफ्रिकेच्या भागात आहे. पाण्याच्या जोरावर गरिबांना मुठीत ठेवणारी एक सिस्टर आहे. पोप तिला काढून टाकू शकतो, सगळ्या किल्ल्या त्याच्याकडेच आहेत. पण तो काय करतो? रात्री, उभ्या ट्रकांच्या मधे, रस्त्यावरच गुडघे टेकतो आणि देवाशी बोलतो. हट्टानं, जवळजवळ दरडावून. वर छप्पर नाही, दाराला कुलूप नाही. आमचं देवघरच ते. आणि सिस्टर मरते. आता ती श्रद्धा, की तिथंही हुकूमच सोडला त्यानं? मला वाटतं, देवासमोरसुद्धा त्याच्या कमरेचा जुडगा वाजतच असतो, आणि म्हणूनच...

काचेपलीकडून खूण झाली. जॉन माल्कोविच असलेल्या पुढच्या मालिकेविषयी, ‘द न्यू पोप’विषयी, बोलायचं राहिलंच. असो. पुन्हा पाहाल तेव्हा कांगारू दिसलं तर दिसू द्या, पण ट्रकांमधला तो माणूस चुकवू नका.