गॅलरीतलं परसदार

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'छोट्या जागेतील बाग' असा विषय छापला आहे. मी काही त्यातली तज्ज्ञ नव्हे. मी मूळची वेंगुर्ल्याची, आणि इथली मुलं मला 'कुंड्यावाल्या काकू' म्हणतात, एवढीच माझी पदवी. तेव्हा अनुभवाचं बोलते आणि शेवटी एक मागणं मागते.

आमचं वेंगुर्ल्याचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं. पुढे खळं, मागे परसदार. बाजाराजवळचं घर, त्यामुळे जागा बेताचीच. पण पाणी वाया जात नसे. न्हाणीचं पाणी केळीला आणि अळवाला, तांदूळ धुतलेलं मिरचीला, मासे धुतलेलं माडाला. पावसात मांडवावर पडवळ, दोडकी, घोसाळी. सुपारीच्या झाडावर मिरवेल. गोवा, कारवार, मंगळूर असं किनाऱ्याने खाली उतरत गेलात तरी थोड्याफार फरकाने हेच दिसतं. आमच्या अळुवडीची बहीण मंगळुरात 'पत्रोडे' म्हणून भेटते. त्याचंही पान अळवाचंच.

वडील गेल्यावर आईला मी येरवड्याला आणलं. सोसायटीला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. बंडगार्डनच्या पुलावर नेलं, तर नदीकडे बघून म्हणाली, "ह्या पाण्याक भरती येणा नाय काय?" त्यानंतर ती फारशी बोलेना. जेवण कमी झालं. मी घाबरले आणि गॅलरीत कुंड्या आणायला लागले. अळू, कढीपत्ता, हळद, मिरची. आई रोज सकाळी तिथे जाऊन बसायला लागली.

चुका पुष्कळ झाल्या. वेंगुर्ल्याला पाऊस पुण्याच्या साधारण चौपट. तिथली मिरवेल इथल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत टिकेना. कोकमाचं रोप लावलं, मग कळलं की बियांपासून केलेल्या रोपांत जवळपास निम्मी नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षं थांबावं लागतं. तेव्हा आमसुलं आणि तिरफळं गावाहूनच येऊ दिली. कपड्यांचं पाणी अळवाला घातलं, तर पानं करपली. पूर्वी न्हाणीत शिकेकाई आणि राख असे, आता डिटर्जंट. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मात्र चालतं. मासे धुतलेल्या पाण्याचा प्रयोग एकदाच केला. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला!

पण खरी चूक वेगळीच होती. कुंड्या मी थेट फरशीवर ठेवल्या होत्या. खालच्या वहिनी वर आल्या, शांतपणे म्हणाल्या, "आमच्या छताला ओल येतेय हो." मी उलट बोलले, "बांधकामच कच्चं, त्याला मी काय करू?" दोन दिवाळ्या आमची फराळाची ताटं एकमेकींकडे गेली नाहीत. शेवटी प्लंबरने मोठी कुंडी हलवली, तर खाली जाळी मातीने आणि सोडणाच्या काथ्याने गच्च बुजलेली. चूक माझी होती, आणि तरी मला खाली जाववेना.

नागपंचमीला आईने हळदीची पानं कापली आणि मला न सांगता जिना उतरून खाली गेली. वहिनी देशावरच्या. या पानांचं करायचं काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मग आईने त्यांच्याच ओट्याशी उभं राहून पातोळ्या केल्या. तांदळाचं पीठ पानावर थापायचं, आत गूळ-खोबरं, पान दुमडून उकडायचं. वास जिन्यात पसरला तेव्हा मी खाली गेले. माफी मागितली. वहिनींनी आधी पातोळी हातात दिली, मग म्हणाल्या, "जाळी साफ केलीत ना?"

तेव्हापासून माझ्या कुंड्या लोखंडी स्टँडवर आहेत, खाली ताटली आहे, जाळी उघडी आहे. कुंडीत निम्मी माती आणि निम्मा पालापाचोळा. आपण जो पाला जाळतो किंवा कचरागाडीत देतो, तोच. ओली माती फार जड असते. अर्ध्या ड्रममध्ये नुसती माती भरली, तर भिजल्यावर दीडशे किलोच्या आसपास जाते. पाल्याने ते वजन बरंच कमी होतं.

आता मागणं. पुढच्या सभेत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय आहे आणि त्यानंतर गच्चीवर कुंड्यांना कायमची बंदी घालावी, अशी सूचना आली आहे. ती सूचना ज्यांनी केली, त्यांचं घर मी ओलं केलेलं नसलं, तरी त्यांची काळजी मला समजते. माझं म्हणणं एवढंच, बंदी नको, नियम करा. स्टँड सक्तीचा, ड्रम फक्त कॉलम-बीमच्या जागी आणि तेही इंजिनिअरला विचारून, दर महिन्याला जाळीची तपासणी. तरीही गळती झाली, तर ज्याची कुंडी त्याचा खर्च. पहिली सही मी करते.

आई आता नाही. तिची हळद आहे. थंडीत झाड पार वाळतं, कुंडी रिकामी दिसते, पण गड्डा आत जिवंत असतो. मे संपत आलाय, लावायची हीच वेळ. दाराजवळच्या टेबलावर गड्डे ठेवलेत, घरटी एक घेऊन जा. नागपंचमीपर्यंत पानं येतील. पातोळ्या येत नसतील तर हाक मारा, मी येते.