रताळ्याची पावती कुठून आणायची?

(साकोली तालुक्यातल्या वनहक्क शिबिरात बायांच्या सभेपुढे आम्ही जे बोललो, ते गावागावांतून मागणी आल्यामुळे इथे छापत आहोत.)



आजचा विषय रताळं आहे म्हटल्यावर मागं बसलेले काही भाऊ हसले. "हे तं लेकराईचं खाणं हाय, याच्यावर काय भाषण?" हसा, काही हरकत नाही. पण आम्ही विचारतो, दाव्याचा अर्ज भरताना तुमच्याकडे काय कागद मागतात? पावती मागतात. धान विकलं की पावती मिळते. जबरानजोतीचा दंड भरला असेल तर दंडाची पावती असते. रताळ्याला काय आहे? बाईनं वेल लावला, बाईनं खणलं, लेकरांनी खाल्लं. अर्धी टोपली आठवडी बाजारात गेली. त्याची पावती कोण देतो?

म्हणून होतं काय, तर पुरुष माणसं बांधी दाखवतात. बांधीच्या वर जे टेकाड आहे, जिथं आपण रताळं, कोचई, तूर लावतो, ते दाखवायचं राहून जातं. जे दाखवलं नाही ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं नाही ते पट्ट्यात येत नाही. बाईनं कसलेली जमीन अशी कागदावरून गळून पडते. म्हणून आज रताळ्यावर बोलायचं आहे.

आधी वाणाचं बघू. सगळी रताळी एक नसतात. लाल सालीचं, आत पांढरं असलेलं एक. साल आणि गर दोन्ही पांढरं असलेलं दुसरं. आत नारंगी असलेलं तिसरं. पानंही वेगळी. कुणाचं पान पिंपळाच्या पानासारखं अखंड, कुणाचं पंजासारखं फाटलेलं. पांढऱ्या गराचं बहुतेक पिठूळ निघतं, पोटाला आधार देतं. नारंगी बहुतेक ओलसर आणि मऊ असतं. नारंगी रंगात जे द्रव्य आहे, त्यापासून आपल्या शरीरात 'अ' जीवनसत्त्व तयार होतं. ते कमी पडलं की लेकरांना रातांधळेपणा येतो. पांढऱ्या रताळ्यात ते फारसं नसतं. म्हणून पांढरं टाकून द्या असं आम्ही म्हणत नाही. दोन्ही लावा.

सरकारी वाणंही आहेत. केरळात श्रीकार्यम इथं १९६३ पासून कंदपिकांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथलं 'श्री कनक' हे नारंगी गराचं आहे. आपल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण अश्विनी' आहे. मिळालं तर जरूर लावा. पण नवा वेल आला म्हणून आजीचा वेल उपटू नका. रताळं बियाण्याच्या थैलीतून येत नाही, वेलाच्या तुकड्यातून येतं. एका घराचा वेल वाळला तर शेजारच्या घरून आणता येतो. साऱ्या गावाचा वाळला तर ते वाण संपलं.

आता रांधायचं. वाण ओळखायचं असेल तर एकाच मडक्यात सगळी सालीसकट, थोड्या पाण्यात, झाकण ठेवून उकडा. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा, म्हणजे कुणाचं कोणतं ते कळतं. मग साऱ्याजणींनी चाखा. पिठूळ कोणतं, धागेदार कोणतं, गोड कोणतं. पण खरी गोडी राखेत. जाळावर नको, गरम राखेत पुरायचं आणि तासभर विसरायचं. हळूहळू तापलं की रताळ्यातल्या पिठाची साखर होते. जोराच्या आचेवर झटपट शिजवलं तर तिला वेळच मिळत नाही. आपल्या आज्यांनी हे पुस्तकात वाचलं नव्हतं, पण त्या राखेतच पुरत होत्या.

पिठूळ रताळं कुस्करून, गूळ आणि कणीक घालून मोहाच्या टोरीच्या तेलात घाऱ्या तळा. कोवळ्या शेंड्यांची आणि पानांची डाळभाजी होते, ती फुकट जाऊ देऊ नका. जास्त निघालं तर पातळ चकत्या करून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात, घरातलं धान सरत आलं की, त्याचं पीठ कामी येतं.

दोन गोष्टींची काळजी घ्या. बेशरमाचं झुडूप आणि रताळ्याचा वेल एकाच कुळातले आहेत, फुलं सारखी दिसतात. बेशरम विषारी आहे, पोरींना भाजी खुडायला पाठवताना पान ओळखायला शिकवा. दुसरं, भुंग्यानं पोखरलेलं आणि बुरशी आलेलं रताळं बैलापुढे टाकू नका. त्यानं जनावराचा दम कोंडतो, मरतंही. वेलाखालच्या जमिनीला भेग दिसली तर मातीची भर द्या. जमिनीच्या भेगेतून भुंगा कंदापर्यंत जातो. खणल्यावर न धुता आठ दिवस सावलीत ठेवा, जखमा भरतात आणि गोडीही वाढते.

आता कुणी म्हणेल, रताळं तर आपलं मुळातलं नाहीच. खरं आहे. ते अमेरिका खंडातलं आहे, पोर्तुगीजांच्या जहाजातून आपल्या देशात आलं. मग त्यावर हक्क कसला सांगता? याचं उत्तर दूरच्या एका आदिवासी समाजानं दिलं आहे. न्यूझीलंड देशात माओरी लोक आहेत. तेही रताळं समुद्रापलीकडूनच घेऊन आले होते. त्याला ते कुमरा म्हणतात. गोरे लोक तिथं पोचायच्या कितीतरी आधीपासून ते लावत होते. पुढं जुनी वाणं गावातून नाहीशी झाली, आणि त्यांचा साठा जपानमध्ये राहिला. १९८८ साली माओरी लोक जपानला गेले आणि आपले वेल परत घेऊन आले. १९९१ साली त्यांनी वायतांगी न्यायाधिकरणापुढे दावा लावला की आमच्या झाडापेरांवर आणि त्यांच्या ज्ञानावर आमचा हक्क आहे, त्यात कुमराही आहे. बघा, वाण कुठं जन्मलं हे त्यांनी मोजलं नाही. ते कुणी जपलं हे मोजलं.

आपल्याकडे २००६ चा वनहक्क कायदा आहे, २००८ ला त्याचे नियम आले. त्यात आपल्या कंदांना तीन जागा आहेत. त्या एकमेकांत मिसळू नका.

पहिली जागा जमिनीची. टेकाडावर रताळं लावत असाल तर ती पोटासाठी कसलेली जमीन आहे. तिचा दावा नमुना 'अ' मध्ये, बांधीसोबतच टाका. ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे. प्रत्यक्ष कसता तेवढीच, आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर. आपले ढिवर, गोवारी शेजारी आहेत, त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. त्यांना एकटं सोडू नका. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो, हे प्रत्येक बाईनं पाठ करावं.

दुसरी जागा रानातल्या कंदांची. कडू कांदा आपण काप करून, उकळून, वाहत्या पाण्यात ठेवून खातो. तो आपण लावत नाही, जंगल देतं. कायद्यात गौण वनोपजाच्या यादीत 'मुळं आणि कंद' असे शब्दच लिहिले आहेत. त्याचा दावा गावानं मिळून नमुना 'ब' मध्ये करायचा. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, तो ग्रामसभा एका जागी बसली म्हणून.

तिसरी जागा ज्ञानाची. जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञान यावर गावाचा सामूहिक हक्क याच कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. त्यात वाघ आणि साग आला, आणि आजीचं लाल रताळं नाही आलं, तर ती नोंदवही अर्धीच.

मग पावती कुठून आणायची? नियमात लिहिलं आहे की दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदन हा पुरावा आहे. बांध, सपाटीकरण अशा जमिनीवरच्या खुणाही पुरावा आहेत. निदान दोन पुरावे जोडायचे. रताळ्याचा वेल चार-पाच महिन्यांत संपतो, तो साल सांगू शकत नाही. पण माणसाची आठवण सांगते, आणि दगडाचा बांध सांगतो.

निवेदन मोघम नको. "फार वर्षांपासून कसतो" एवढंच लिहिलं तर साहेब बाजूला ठेवतील. असं लिहा: टेकाड गावाच्या कोणत्या अंगाला, नाल्यापासून किती पावलांवर. वेल कुणाच्या घरून आणला, कोणत्या दुष्काळाच्या किंवा पुराच्या साली. कोणत्या सालीचं, कोणत्या गराचं रताळं. दगडाचा बांध कुणी घातला. शेजारी कोण कसत होतं. सांगणारी आजी शेजारच्या घरची असावी. ती बोलेल तसं तिच्याच शब्दांत लिहा, तिचा अंगठा घ्या, साक्षीदारांच्या सह्या घ्या. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बाया पाहिजेत असा नियम आहे. त्या बायांनीच हे काम हातात घ्यावं. मोजणीच्या दिवशी बाईनं स्वतः टेकाडावर उभं राहायचं, चूल सोडून.

शेवटचं. पुढच्या सभेला प्रत्येक घरानं आपल्या रताळ्याचा हातभर वेल, तीन-चार डोळे असलेला, ओल्या फडक्यात गुंडाळून आणावा. दोन डोळे मातीत गेले की तो जगतो. कुणाचा कोणता, कुठून आला, ते वहीत लिहून घेऊ आणि मग वेल आपसांत वाटू. त्या दिवशी वहीत जेवढी नावं येतील, तेवढ्या टेकाडांचे दावे तपासायचे आहेत.

जय सेवा! जोहार!