कोठीची किल्ली पाड्याकडे द्या

(मिशनच्या विकासकामातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात आपल्या तरुण साथींच्या वतीने केलेले भाषण)



तुम्ही बोलावलंत, आम्ही आलो. आता मनात आहे तेच बोलतो.

आम्ही केलेलं विसरलेलो नाही. आमच्यातले बरेच जण मिशनच्या वसतिगृहात राहून बारावीपर्यंत शिकले. ओढ्याला पूर असताना कमरेएवढ्या पाण्यातून सिस्टर औषधं घेऊन आल्या, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण दवाखान्यात बरा झालेला माणूस परत जातो कुठे? गहाण पडलेल्या शेतावरच ना?

हा प्रश्न नवा नाही. तिकडे छोटानागपुरात 1885 साली फादर लिव्हन्स नावाचे बेल्जियमचे पाद्री तोरपा गावी आले. जमीनदार मुंडा लोकांच्या जमिनी बळकावत होते, वेठ घेत होते. फादरांनी कायदा वाचला आणि कोर्टकज्जात लोकांना मदत केली. हजारो लोक चर्चमध्ये आले. त्यात देवासाठी किती आणि जमिनीसाठी किती, ते कोण सांगणार?

बिरसा मुंडासुद्धा लहानपणी मिशनच्या शाळेत होता. ती सोडून तो बाहेर पडला आणि लोकांना घेऊन उठला. 9 जून 1900 ला रांचीच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. मग 1908 साली आदिवासींच्या जमिनी राखणारा छोटानागपूर कूळकायदा झाला. तो घडवण्यात फादर हॉफमन यांचा हात होता, हे खरं. पण त्याच्यामागे बिरसाच्या लोकांचं रक्तही होतं. पुढच्याच वर्षी, 1909 ला, सावकाराचा फास सोडवायला हॉफमन यांनी पतसंस्था काढली. काम मोठं होतं. पण तिच्या नावातच ‘कॅथलिक’ होतं. सावकार मात्र व्याज घेताना धर्म विचारत नव्हता!

आता आपल्याकडचं बघा. पावसाळ्यात खावटी संपते. सावकार मणभर भात देतो आणि सुगीला दीड मण, कुठे दोन मण घेतो. म्हणून मिशनने धान्यकोठी काढली, ते बरंच झालं. पण यादी केली ती प्रार्थनेला येणाऱ्यांची. एकाच कुडाच्या अलीकडचं घर यादीत, पलीकडचं नाही. पलीकडे राहतो सख्खा भाऊ. तो हिरवा देव पुजतो, वाघ्या पुजतो. त्याने सावकाराचंच भात आणलं.

महिन्याभराने गार्ड आले, प्लॉटवरची नाचणी उपटली. दोघा भावांची उपटली. संघटनेने हाक दिली, तर एक म्हणाला, “आम्ही मिशनवाले.” दुसरा म्हणाला, “त्यांना कोठी आहे, त्यांच्यासाठी मी का जाऊ?” मोर्चाला अर्धा पाडा आला. असं झाल्यावर साहेब कशाला ऐकतोय?

चूक आमचीही आहे. यादी झाली त्या दिवशी आम्ही तिथेच होतो. वसतिगृहात खाल्लेल्या अन्नाची भीड पडली, तोंड उघडलं नाही. म्हणून आज बोलतो. आमचं मागणं तीन गोष्टींचं आहे.

एक. यादी पाड्याच्या बैठकीत करा, सगळी घरं धरा. किल्ली पाड्याने निवडलेल्या दोन बायांकडे राहील. हिशोब दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचायचा.

दोन. रात्रीच्या वर्गात अक्षराबरोबर सातबारा वाचायला शिकवा. 1957 ते 1974 मध्ये बिगर-आदिवासीकडे गेलेली आदिवासीची जमीन परत मिळवण्याचा कायदा महाराष्ट्रात आहे. त्याच्या अटी काय, अर्ज कसा करायचा, हे आमच्या आयांना कोणी सांगितलंच नाही.

तीन. आम्ही कचेरीत जाऊ तेव्हा बरोबर या. आमच्या वतीने बोलू नका. बोलायचं ते आमची माणसं बोलतील. तुम्ही शेजारी बसा, कागद नीट लिहिला का ते बघा.

कोणी कोणता देव मानायचा, ते ज्याचं त्याने ठरवावं. पोट आणि जमीन सगळ्या पाड्याची एकच आहे. उद्या तुमची बदली होईल, केंद्र बंद होईल. कोठी पाड्याची असली तर भात राहील, आणि दोन भाऊ एका मोर्चात राहतील.

जिंदाबाद!