फुंक, यंत्र आणि कामगाराची नोकरी

(सरोजिनी नगर, नवी दिल्ली येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचाऱ्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरोजिनी नगर म्हटले की गावाकडच्या मंडळींना स्वस्त कपड्यांचा बाजार आठवतो. आपल्याला आठवतात सरकारी क्वार्टर्स आणि रिंग रेल्वेचे ते छोटे स्टेशन. या वस्तीत मराठी माणूस किती वर्षे राहिला आणि आता नव्या बांधकामात कुठे कुठे पांगला, तो विषय वेगळा आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते फुंक मारून दारू तपासण्याच्या यंत्राबद्दल. लॉबीत रनिंग स्टाफला, रस्त्यावर मेल मोटारच्या ड्रायव्हरला आणि शनिवारी रात्री स्कूटरवरून घरी जाणाऱ्या प्रत्येकाला या यंत्राशी गाठ पडते.

विषय नाजूक आहे. युनियन दारुड्यांना पाठीशी घालते, असा आरोप आमच्यावर होतो. म्हणून आमची भूमिका आधीच सांगतो. दारू पिऊन गाडीवर चढणाऱ्याची वकिली आम्ही करणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शकूरबस्तीहून मथुरेला गेलेली ईएमयू गाडी, लोको पायलट उतरून गेल्यावर, मथुरा जंक्शनच्या फलाटावर चढली. केबिनमध्ये आलेला कर्मचारी मोबाईल पाहत होता आणि त्याने मद्य घेतल्याचेही तपासणीत दिसले. गाडी रिकामी झालेली होती, म्हणून प्राणहानी टळली. अशा प्रकरणात आम्ही कोणत्या तोंडाने प्रशासनासमोर उभे राहायचे?

कायदा काय म्हणतो ते पाहा. रेल्वेच्या सामान्य नियमांतील २.०९ प्रमाणे, गाडी चालवण्याशी थेट संबंध असलेल्या कर्मचाऱ्याने ड्यूटी सुरू होण्यापूर्वी आठ तासांत मद्य किंवा गुंगी आणणारे औषध घ्यायचे नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १७२ नुसार ड्यूटीवर नशेत सापडल्यास दंड होतो, आणि त्यामुळे लोकांच्या जिवाला धोका होण्यासारखा असेल तर एक वर्षापर्यंत कैद. रस्त्यावर मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. त्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही. रेल्वेच्या लॉबीत ही ३० ची सवलत नाही. आकडा दिसला की ड्यूटी गेली.

आता आठ तासांच्या नियमाचा हिशोब करू, कारण इथे आपले पुष्कळ बांधव फसतात. एक क्वार्टर व्हिस्की म्हणजे १८० मिलिलिटर. साठ किलो वजनाच्या माणसाने ती थोड्या वेळात संपवली तर रक्तातले प्रमाण ढोबळमानाने १५० मिलिग्रॅमपर्यंत जाते. शरीर ते ताशी साधारण १५ ने उतरवते, कोणाचे थोडे कमी, कोणाचे थोडे जास्त. आठ तासांत १२० उतरले, तरी ३० शिल्लक. म्हणजे रात्री नऊला ग्लास खाली ठेवून पहाटे पाचला लॉबीत आलेला माणूस 'आम्ही नियम पाळला' म्हणेल, झोपही झालेली असेल, पण यंत्रात तो पकडला जाईल, आणि ते यंत्र खोटे बोलत नसेल. लिंबू, काळा चहा, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. कॉल येण्याची शक्यता असेल त्या रात्री घ्यायचीच नाही, हाच हिशोब.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू यंत्राची आहे, आणि ती फारसे कोणी सांगत नाही.

अमेरिकेत रॉबर्ट बोरकेनस्टाइन या पोलीस खात्यातून पुढे आलेल्या माणसाने १९५४ साली हे यंत्र सुटसुटीत रूपात आणले. तत्त्व सोपे आहे. रक्तातले अल्कोहोल फुप्फुसातल्या हवेत उतरते, आणि सुमारे २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे असते तेवढेच एक मिलिलिटर रक्तात असते असे धरले जाते. म्हणजे यंत्र रक्त पाहतच नाही. ते श्वास मोजते आणि २१०० ने गुणून रक्ताचा आकडा दाखवते. आता ती हवा फुप्फुसातून न येता दातांच्या फटीतून, हिरड्यांतून आली असेल तर? गुणाकार तरीही होतो. तोंडात राहिलेला थेंबभर अंशसुद्धा मोठा आकडा होऊन समोर येतो. म्हणूनच तोंड धुऊन १५ मिनिटे थांबायचे आणि पुन्हा फुंकायचे, ही जगभरची रीत आहे. तोंडातले असेल तर तेवढ्या वेळात नाहीसे होते, रक्तातले असेल तर राहते. इतका साधा न्याय आहे, आणि तोच लॉबीत घाईच्या नावाखाली नाकारला जातो.

यंत्रांतही दोन जाती आहेत. स्वस्त यंत्रात सेमीकंडक्टरचा सेन्सर असतो. त्याला अल्कोहोलखेरीज इतर वाफाही लागतात. मधुमेह बळावलेल्या माणसाच्या श्वासातले ॲसिटोनसुद्धा त्याला फसवू शकते. फ्युएल सेलचे यंत्र महाग पडते, पण जास्त भरवशाचे असते. मात्र त्याचाही सेन्सर कालांतराने ढळतो, म्हणून ठराविक मुदतीने कॅलिब्रेशन लागते. वाण्याच्या तराजूला शिक्का नसेल तर निरीक्षक दंड करतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने पुराव्यासाठी वापरायच्या श्वासयंत्रांची दरवर्षी तपासणी करून शिक्का मारण्याच्या नियमांचा मसुदा २०२४ साली काढला. अर्धा किलो साखरेच्या शिक्क्यासाठी सरकारला जेवढी घाई झाली होती, तेवढी इथे झाली नाही, एवढेच म्हणतो.

फणसाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २०२५ च्या जुलैमध्ये केरळच्या एसटीच्या पंदळम आगारात चालकांनी सकाळी पिकलेला फणस खाल्ला आणि यंत्राने त्यांना प्यायलेले ठरवले. न प्यायलेल्या माणसाला गरे खायला घालून पाहिले, तर त्याचाही आकडा आला. पिकून आंबायला लागलेल्या फळात थोडे अल्कोहोल तयार होतेच. कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको. त्याच वर्षी फेब्रुवारीत रेल्वेच्या तिरुवनंतपुरम विभागाने आदेश काढला, की रनिंग स्टाफने ड्यूटीआधी होमिओपॅथीची औषधे, काही फळे, खोकल्याचे औषध, शीतपेय, नारळपाणी घेऊ नये. यंत्र तपासण्याऐवजी माणसाचे खाणेच बंद! ओरड झाल्यावर तो आदेश मागे घ्यावा लागला.

आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. विभागाचे नाव घेत नाही. एक गार्ड, ज्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पोटाच्या तक्रारीवर वैद्याने दिलेले द्राक्षासव घेत होते. आसव-अरिष्टात आंबवण्याने आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते, बाटलीवर तसे छापलेले असते, पण बारीक अक्षर कोण वाचतो? घरून निघताना त्यांनी दोन चमचे घेतले आणि दहा मिनिटांत लॉबीत येऊन फुंकले. आकडा आला १४. त्यांनी दुसरी चाचणी मागितली. 'गाडी उभी आहे, दुसरा माणूस बोलावला आहे, तुम्ही जा,' असे उत्तर मिळाले. त्याच दिवशी निलंबन. मुलीचे लग्न दोन महिन्यांवर, आणि गल्लीत बोभाटा झाला की काका पिऊन कामावर गेले. आयुष्यात कधी बाटलीला हात न लावलेला माणूस. एक गोष्ट मात्र त्यांनी शहाणपणाची केली. लॉबीतून हलण्यापूर्वी वेळ घालून लेखी अर्ज दिला, की दुसरी चाचणी व रक्ततपासणी व्हावी, आणि पोच घेतली. चौकशीत आम्ही यंत्राचे कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मागितले. ते शेवटपर्यंत आले नाही. पाच महिन्यांनी आरोपपत्र मागे घेतले गेले. मायलेजचा जो तोटा झाला तो पूर्ण भरून निघाला नाही. आणि लग्न त्यांनी गावी नेऊन उरकले.

न्यायालये या बाबतीत जुनीच शहाणी आहेत. मुंबईतल्या बचूभाई करयानी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली म्हटले, की तोंडाला वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस प्यायला होता असे ठरवता येत नाही. रक्त किंवा लघवी तपासलेली नव्हती. महाराष्ट्रातल्या दारूबंदी कायद्याखालचे १९५९ चे रक्ततपासणीचे नियम तर वाचण्यासारखे आहेत. रक्त काढताना सिरिंजला किंवा कातडीला अल्कोहोलचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, असे त्यात लिहिले आहे. म्हणून इस्पितळात स्पिरिटचा बोळा फिरवून रक्त काढू लागले तर तिथेच हरकत घ्या. नर्सबाईंना दोष देऊ नका, सवयीने हात स्पिरिटकडे जातो. पण लिहून घ्यायला सांगा.

टपाल खात्याच्या ड्रायव्हर बंधूंना वेगळे सांगतो. रस्त्यावर गणवेशातल्या पोलिसाने फुंकायला सांगितले तर नकार देऊ नका. कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून मांडता येतो. फुंका, पण नळी नवी, तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली असावी. २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला तेव्हा विमानाच्या पायलटांची नळीची चाचणी थांबवण्यात आली होती. स्वच्छतेचा हा मुद्दा आजार ओसरला म्हणून संपत नाही. आकडा दिसला की त्याची छापील पट्टी मागा, त्यावरची वेळ आणि यंत्राचा क्रमांक पाहून ठेवा.

प्रशासनापुढे आम्ही चार मागण्या ठेवल्या आहेत. आकडा आला तर १५ मिनिटांनी दुसऱ्या यंत्रावर फेरचाचणी. कर्मचाऱ्याने मागितल्यास दोन तासांच्या आत रक्ताचा नमुना. कॅलिब्रेशनची तारीख यंत्रावर चिकटवलेली. आणि रक्ताचा निकाल येईपर्यंत ड्यूटी नको, पण निलंबनही नको. शेवटच्या मागणीवर अधिकारी नाक मुरडतात. गाडीवर नको ही गोष्ट आम्हाला मान्य आहे. पण निकालाआधी माणसाला गुन्हेगार ठरवणे मान्य नाही.

आणि ज्यांना खरोखर सुटत नाही, अशा बांधवांबद्दल घरच्यांनी किंवा शाखेच्या कार्यकर्त्यांनी पकडले जाण्याआधी आमच्याकडे यावे. आजारी रजेवर उपचार घेऊन आलेला माणूस आम्ही परत कामावर उभा करू शकतो. मथुरेसारखे काही घडल्यावर आमच्या हाती काही उरत नाही.

लेखी अर्जाचा नमुना मराठीत आणि हिंदीत छापून आणला आहे. दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. रनिंगवाल्यांनी दोन प्रती घ्याव्यात, एक ड्यूटीच्या बॅगेत राहू द्यावी.