दूरच्या प्रवासाची मोटारसायकल आणि तिची रास्त किंमत

मंडईत मेथीच्या जुडीपायी पाच रुपयांची घासाघीस करणारे सुशिक्षित कुटुंब मोटारसायकलच्या शोरूममध्ये शिरले की एकाएकी उदार होते. तेथील काचेची दालने, गणवेशातील अदबशीर विक्रेते आणि लडाखच्या खिंडीतून निघालेल्या स्वाराचे भिंतीएवढे चित्र यांचा प्रभावच असा, की पैशाची गोष्ट काढणे म्हणजे आपला दरिद्रीपणा उघड करणे होय, असे भल्याभल्यांना वाटू लागते. उलटपक्षी काही गृहस्थ तेथेही मंडईचीच रीत चालवितात. ‘एकंदरीत किती कमी कराल?’ एवढा एकच प्रश्न ते विचारतात आणि दोन हजारांची सूट पदरात पडताच विजयी मुद्रेने सही करतात. दोघेही नाडले जातात, आणि कारण एकच. किंमत ही एक रक्कम आहे, असे दोघेही समजतात. वस्तुतः ‘ऑन-रोड’ किंमत ही पाचसहा रकमांची मोळी असते. त्यांपैकी काहींवर घासाघीस करणे व्यर्थ, तर काहींवर न करणे हा निव्वळ आळस होय.

सर्वांत मोठी रक्कम कारखान्याने ठरविलेल्या मूळ किमतीची, आणि तिच्या पोटात वस्तु-सेवा कर दडलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून या कराची विभागणी फार तीव्र झाली. ३५० सीसीपर्यंतच्या इंजिनावरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला, तर त्याहून मोठ्या इंजिनावरील भार उपकर धरून ३१ टक्के होता, तो ४० वर चढला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्यातील मेळाव्यात जिची किंमत जाहीर झाली, त्या नव्या हिमालयनचे इंजिन ४५२ सीसीचे. म्हणजे ती वरच्या पायरीवर गेली. करापूर्वीची किंमत दोन लाख रुपये धरली, तर खालच्या पायरीवर ३६ हजार आणि वरच्या पायरीवर ८० हजार कर होतो. हा ४४ हजारांचा भेद कोणत्याही विक्रेत्याच्या गोड बोलण्याने भरून निघणारा नाही. म्हणून पहिली घासाघीस ग्राहकाने स्वतःशीच करावयाची असते. ज्याची धाव वर्षातून दोनदा दापोली वा गणपतीपुळ्यापर्यंत आहे, त्याला मोठ्या इंजिनाची खरोखर गरज आहे काय? पत्नीला मागे बसवून, दोन्ही बाजूंस पेट्या लादून ज्याला स्पितीचे चढ चढावयाचे आहेत, त्याचा हिशेब अर्थातच वेगळा.

राज्याचा मोटारवाहन कर नोंदणीच्या वेळीच भरावा लागतो आणि महाराष्ट्रात तो इंजिनाच्या मापाप्रमाणे चढत जातो; त्यात दुकानदाराचा हात नाही. विम्याचा अर्धा भागही तसाच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो आणि त्याचा दर सरकार ठरविते. येथवरच्या रकमा निमूटपणे मान्य कराव्यात. त्यांवर वाद घालणारा ग्राहक आपला वेळ आणि विक्रेत्याची सदिच्छा दोन्ही खर्ची घालतो.

खरी बोलणी यापुढे. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा दुकानातूनच घ्यावा, असे बंधन नाही. दुसऱ्या कंपनीचा दर कागदावर आणून समोर ठेवला की पहिला दर पुष्कळदा आपोआप नरमतो. जुनी दुचाकी विकून नवी घेणाऱ्याने तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विम्याचा दावा न केल्याबद्दल त्याने वर्षानुवर्षे मिळविलेली सूट नव्या दुचाकीकडे नेता येते, आणि ती ५० टक्क्यांपर्यंत असू शकते. विक्रेता याची आठवण आपण होऊन क्वचितच करून देतो!

त्यानंतर येतात ते ‘हँडलिंग चार्जेस’. वाहन गोदामातून दुकानात आणणे हा दुकानदाराच्या धंद्याचाच भाग असता त्याचे वेगळे मोल ग्राहकाने का द्यावे, याचे समाधानकारक उत्तर सहसा मिळत नाही. ही रक्कम कोणत्या नियमाखाली घेतली जाते, ते कोटेशनवर लिहून द्यावे, एवढीच सौम्य विनंती पुष्कळदा पुरेशी होते. १९८९ च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांत दुचाकीबरोबर प्रमाणित शिरस्त्राण देण्याची तरतूद आहे. मागे बसणाऱ्यासाठी धरावयाची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि मागील चाकाचा निम्मा भाग झाकणारे आवरण यांचीही आहे. तरीही शिरस्त्राण व ‘साडी गार्ड’ यांच्या किमती अ‍ॅक्सेसरीजच्या यादीत सर्रास डोकावतात. पेट्या, क्रॅश गार्ड, उंच काच, सामानाची जाळी या वस्तू मात्र खऱ्या अर्थाने जादा होत. दूरच्या प्रवासाला त्या हव्यातच, आणि सवलतीला वावही बहुधा येथेच असतो. रोख सूट देण्यास संकोचणारा व्यवस्थापक पेट्या बसविण्याची मजुरी आनंदाने सोडतो.

कर्जाच्या कागदाकडे तर बहुतेकांचे लक्षच नसते. दोन लाख रुपये तीन वर्षांकरिता ‘फ्लॅट’ नऊ टक्क्यांनी घेतले, तर व्याज ५४ हजार होते आणि मासिक हप्ता सुमारे ७,०५६ रुपये. मुद्दल दरमहा घटत असताही व्याज पूर्ण रकमेवर आकारले जात असल्यामुळे हा दर प्रत्यक्षात सव्वासोळा टक्क्यांच्या घरात जातो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला खरा वार्षिक दर दाखविणारे पत्रक देणे बंधनकारक झाले आहे. ते आधी मागावे. तीन हजारांची सूट देऊन वीस हजारांचे व्याज पदरात टाकणारा व्यवहार ‘सवलतीचा’ म्हणूनच खपत असतो.

हे सारे बोलणे बुकिंगची रक्कम भरण्यापूर्वी व्हावयास हवे. पैसे दिल्यावर ग्राहकाचा आवाज आपोआप खाली येतो. नुकत्याच आलेल्या, रांग लागलेल्या मोटारसायकलवर सूट मागणे हास्यास्पद ठरते. पण डिसेंबर उलटल्यावर दुकानात उभी असलेली गतवर्षीची गाडी मालकालाही जड झालेली असते. विक्री प्रमाणपत्रावर निर्मितीचा महिना व वर्ष नोंदलेले असते. ते जुने असल्यास भाव त्या मानाने उतरलाच पाहिजे, कारण पुढे विकताना ते वर्ष पुन्हा मोजले जाणार.

मात्र दुकानदाराला पार पिळून काढण्यात शहाणपण नाही. मूळ किमतीत त्याचा वाटा बेताचा असतो, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी साखळी किंवा ब्रेक तपासून घेण्यासाठी त्याच्याच दारी जावे लागते. त्यालाही चार पैसे उरतील आणि प्रत्येक रकमेला कागदावर नाव असेल, ती किंमत रास्त समजावी. तसे कोटेशन सहीशिक्क्यासह हाती आले, की मग गाडीची चासी व इंजिन यांचे क्रमांक त्याच्याशी ताडून पाहावेत, आणि हे काम नोंदणीसाठी कागद पाठविण्यापूर्वी, दिवसाउजेडी उरकावे.