कारखान्यांतील थंडी

पौषांतल्या पहाटेस निफाडकडील सुताराचा रंधा हातास झोंबतो. तापविलेला सरस गार फळीवर पडतांच आळतो व सांधा कच्चा राहतो. अशा वेळीं सारा कारखाना तापवूं पाहणें व्यर्थ होय. हवा लवकर तापते खरी, पण पत्र्याच्या फटींतून तितक्याच लवकर निसटते; भिंती, अवजारें गारच राहतात. त्यापेक्षां १ किलोवॅटची, तासास १ युनिट खाणारी विजेची शेगडी कारागिराकडे तोंड करून ठेवावी. तिचे उष्ण किरण थेट अंगावर येतात. फळ्याही थोडा वेळ तिच्यापुढें धराव्या. भुसा तेवढा दूर सारावा. फटी बुजवून आंत कोळशाची शेगडी पेटविणें मात्र (आणि हें अजून चालतें!) प्राणघातक. तिच्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नाहीं, रंग नाहीं. डोकें जड झालें कीं दार उघडून तत्काळ बाहेर यावें.